फौजीच्या मनावर उपचार, गावात राहून: ईसीएचएस, १४४१६ आणि सिव्हिल यांचा आढावा

निकाल आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या माजी सैनिकाला मनाच्या आजारावर उपचार मिळवून देणाऱ्या आज तीन वाटा आहेत: ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि सिव्हिल हॉस्पिटलमधला मनोविकार विभाग. फोनची सेवा चांगली आहे. सिव्हिलमधला तज्ज्ञ बहुतेक गावांना सगळ्यात जवळ पडतो. औषधांचा आणि रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च ईसीएचएस उचलते. पण एका ठिकाणी काय झालं हे दुसऱ्या ठिकाणी आपोआप कळत नाही. जोडणी घरच्यांनाच करावी लागते, आणि बहुतेक उपचार तुटतात ते याच जोडणीत.

आधी रुग्ण कोण, ते पाहू. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी, पाटण-खटावमधली गावं, गडहिंग्लज-आजरा-चंदगडचा पट्टा, इथं फौजेची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर येतो तेव्हा जेमतेम पस्तीस-अडतीसचा असतो. मुलं शाळेत, भावकीत वाटणीचा वाद, आणि दिवसभर हाताला काम नाही. काश्मीरची किंवा ईशान्येकडची ड्युटी केलेली असेल तर कुणाला रात्री सलग झोप लागत नाही, कुणाला वरातीतल्या सुतळी बॉम्बनं दरदरून घाम फुटतो, कुणाचा मुलांवर हात उठतो. घरचे म्हणतात, फौजेतून आल्यापासून तापट झालाय. १९९९ च्या कारगिल लढाईतले तेव्हाचे तरुण जवान आता पन्नाशीच्या आसपास आहेत, श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये गेलेले त्याहून थोरले. त्यांच्यात हेच जुनं दुखणं विसरभोळेपणाच्या आणि छातीत धडधडण्याच्या तक्रारींत मिसळून जातं. प्रत्येक वेळी तो पीटीएसडीच, म्हणजे जुन्या आघातानं मनाला जडणारा आजारच, असतो असं नाही. नैराश्य आणि दारू त्याहून जास्त वेळा सापडतात, आणि पुष्कळदा तिन्ही एकाच माणसात असतात.

आता पहिली वाट. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. पेन्शन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील तिच्यात येतात. म्हणजे नवऱ्याच्या आजारानं स्वतः खचलेल्या बायकोला स्वतःच्या कार्डावर उपचार घेता येतात, हे घराघरांत माहीत असायला हवं. पॉलिक्लिनिकमध्ये एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, लॅब आणि औषधांची खिडकी असते, मोठ्या ठिकाणी फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञही असतात. मनोविकारतज्ज्ञाचं पद मात्र या रचनेत नाही. योजनेची आमच्या मते ही सगळ्यात मोठी उणीव. साखर आणि रक्तदाब जागच्या जागी सांभाळला जातो, मनासाठी मात्र दरवेळी बाहेर पाठवावं लागतं.

म्हणून पॉलिक्लिनिकमधून मिळवायचं असतं ते रेफरल, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी. इथं पहिली गडबड होते. सकाळची गर्दी, डॉक्टरांकडे दर पेशंटमागे थोडकी मिनिटं, आणि फौजी सांगतो, "साहेब, झोप येत नाही." झोपेची गोळी लिहिली जाते आणि तो घरी येतो. दुखणं तसंच राहतं, वर गोळीची सवय लागते. त्यापेक्षा एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: त्रास कधीपासून, आठवड्यातून किती रात्री झोप मोडते, रोज किती दारू लागते, आणि मरणाचे विचार येतात का. कागद बायकोनं किंवा मुलानं डॉक्टरांच्या हातात दिला तरी चालतो. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी मराठीत आहे. गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी हवी. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "अजिबात नाही" सोडून दुसरं काही असेल तर बेरीज कितीही कमी येवो, त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

दुसरी गडबड रुग्णालय निवडताना होते. पॅनलवर, म्हणजे ईसीएचएसच्या मान्यताप्राप्त यादीत, असलेलं रुग्णालय सगळ्याच आजारांसाठी पॅनलवर असतं असं नाही. मान्यता शाखेनुसार मिळते. हृदय आणि हाडं मंजूर आणि मनोविकार नाही, अशा ठिकाणी शंभर किलोमीटर जाऊन परत येण्यात अर्थ नाही. रेफरल लिहून घेण्याआधी पॉलिक्लिनिकच्या रेफरल काउंटरवरच विचारा की मनोविकार शाखा मंजूर आहे ना. मग रुग्णालयाला फोन करून तज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी बसतात ते विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी असे तज्ज्ञ पुष्कळदा ठरावीक वारीच येतात. रेफरलवरची मुदत घरी येताच कॅलेंडरवर मांडून ठेवा. मुदत संपल्यावर कॅशलेस सोय मिळत नाही, आणि मनाच्या आजारात भेटी एकदोन नव्हे, महिनोन्‌महिने लागतात. ठरावीक वयापुढच्या ज्येष्ठ सभासदांना पॅनलवरच्या तज्ज्ञाकडे थेट जाण्याची मुभा आहे. त्यांनी रेफरलसाठी हेलपाटे घालू नयेत.

पॉलिक्लिनिक कोणतं निवडलंय, हेही तपासून बघण्यासारखं आहे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आणि बेळगाव हाकेच्या अंतरावर. पाटणहून कऱ्हाड जवळ, सातारा लांब. जिल्हा तोच म्हणून पॉलिक्लिनिकही तिथलंच, अशी सक्ती नाही, ते बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आणि मिलिटरी हॉस्पिटल असल्यानं सीमाभागातल्या कित्येकांना ते ओळखीचंही आहे. अवघड केससाठी पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी ही सैन्यदलांची मोठी रुग्णालयं आहेत. तिथं मनोविकार विभाग आहे, आणि फौजेतलं आयुष्य तिथल्या डॉक्टरांना समजावून सांगावं लागत नाही. ज्याला "बाहेरच्या डॉक्टरला आपलं काय कळणार" असं वाटतं, त्याच्यासाठी पहिली भेट तिथं आणि पुढच्या भेटी जवळ, ही मांडणी उत्तम.

तातडीच्या वेळी रेफरलची वाट पाहायची नसते. जे रुग्णालय जवळ असेल तिथं दाखल करा. ते पॅनलबाहेरचं असेल तर दाखल केल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवलंच पाहिजे. नाहीतर बिलाची भरपाई अडकते. फोनवर कळवलं तर कुणाशी आणि किती वाजता बोललो ते लिहून ठेवा.

ईसीएचएसला आमचे पाचपैकी तीन गुण. खर्चाचा भार खरोखर हलका होतो, पण पहिल्या तक्रारीपासून तज्ज्ञापर्यंत पोचायला फार पायऱ्या आहेत.

दुसरी वाट फोनची. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालं. नंबर १४४१६, नाहीतर १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. देशपातळीवरची सूत्रं बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तो फोन मनोविकारतज्ज्ञाकडे देतो, नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतो. चार भिंतींच्या बाहेर बोलायला संकोचणाऱ्या माणसासाठी यासारखी पहिली पायरी नाही. जिथं घर सोडून कुठं जायचं म्हटलं तरी दिवस मोडतो, तिथं शेताच्या बांधावरूनही बोलता येतं.

फोन करताना काही गोष्टी पाळा. भाषा निवडायला सांगतात तेव्हा घाई करू नका. पहिल्याच वाक्यात "मी माजी सैनिक आहे" असं सांगा आणि कुठं ड्युटी केली तेही सांगा. नाहीतर समुपदेशक सर्वसाधारण ताणतणावाच्या अंगानं बोलत राहतो. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं हातात ठेवा. पुढचा फोन त्यांच्याकडून येऊ शकतो, तेव्हा अनोळखी नंबर म्हणून कापू नका. पत्नीनंही फोन करावा, पेशंटनंच केला पाहिजे असं नाही. "ते दवाखान्यात यायला तयार नाहीत, मी काय करू," हा प्रश्न तिथं विचारण्यासारखाच आहे.

फोनची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. बोलून हलकं वाटतं, आणि कित्येक जण तिथंच थांबतात. खऱ्या पीटीएसडीवर आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारी मानसोपचार पद्धत लागते. ती साधारण आठवड्याला एक, तास-दीड तासाची बैठक अशी दोन-तीन महिने चालते, आणि एकाच प्रशिक्षित माणसाकडे व्हावी लागते. दरवेळी नवा आवाज असलेल्या हेल्पलाइनचं ते काम नाही. शेवटी "जवळच्या रुग्णालयात जा" असं सांगितलं की फोन संपण्याआधी रुग्णालयाचं नाव, विभाग आणि वार विचारून घ्या. पाचपैकी चार गुण, एक गुण याच अर्धवट सुटलेल्या टोकासाठी कापला.

लष्करी डॉक्टरांशी घरबसल्या व्हिडिओवर बोलण्याची 'सेहत' ओपीडी मे २०२१ पासून आहे. सर्दी-ताप आणि औषधांच्या शंकांसाठी ठीक. मनाच्या आजाराची पहिली तपासणी तिथं करू नये.

तिसरी वाट, सिव्हिल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ ला सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असतात. पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांना ठरलेल्या वारी भेट देतं. तो वार ग्रामीण रुग्णालयात फोन करून कळतो, आशाताईही सांगू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं यात नाहीत, तिथं नाममात्र शुल्क पडतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं गंभीर आजारासाठी आहेत. नावाला घाबरण्याचं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार स्वतःच्या इच्छेनं दाखल होता येतं.

माजी सैनिकांनी सिव्हिल टाळू नये, असं आमचं ठाम मत आहे. "आपल्याला ईसीएचएस आहे, सिव्हिलला कशाला" या भावनेपोटी जवळचा तज्ज्ञ सोडून लांबच्या पॅनलवर अवलंबून राहिलं जातं आणि दोन भेटींनंतर उपचार थांबतात. तपासणी ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या पथकाकडे करावी, ती चिठ्ठी पॉलिक्लिनिकच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी आणि औषधं तिथून देता येतील का ते विचारावं. निर्णय त्यांचा, पण औषधाचं मूळ नाव स्वच्छ लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्राम, तर काम सोपं होतं. पथकातला डॉक्टर बदलला, पद रिकामं राहिलं, तर सिव्हिलचा धागाही तुटतो. यावर एकच उपाय, स्वतःची फाईल: डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, ईसीएचएस कार्ड, सेवेत असताना घेतलेल्या उपचारांचे कागद आणि प्रत्येक भेटीची चिठ्ठी तारखेनुसार. आजार सेवेतच सुरू झाला होता असा दावा पुढे करायचा असेल तर याच कागदांवर तो उभा राहतो. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं.

पाचपैकी साडेतीन. पथक ठरल्या वारी येत असेल तिथं चार.

दार असूनही माणूस आत का जात नाही, याचं मोठं कारण फौजेतच आहे. तिथं शारीरिक-मानसिक क्षमता 'शेप' या मापानं मोजतात. त्यातलं पहिलं अक्षर 'एस' मनःस्थितीचं. तिथं खालची कॅटेगरी लागली की बढती आणि कोर्स अडतात, म्हणून जवान त्रास लपवायला शिकतो, आणि पेन्शनवर आल्यावरही लपवत राहतो. त्याला हे सरळ सांगायला हवं: मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यानं सेवा पेन्शन कमी होत नाही, आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ चा कायदा देतो. डीएससीमध्ये (माजी सैनिकांना घेणाऱ्या संरक्षण सुरक्षा दलात) पुन्हा भरती व्हायचं असेल तर मात्र वैद्यकीय तपासणी असते, हेही खरं. तिथं काय करायचं ते डॉक्टरांशी मोकळं बोलून ठरवावं, उपचार टाळून नव्हे.

औषधांबद्दल थोडं सविस्तर, कारण गावात उपचार बिघडतात ते इथं. नैराश्याच्या आणि पीटीएसडीच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं आणि अस्वस्थता मात्र लगेच येते. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर, आणि माणूस दहाव्या दिवशी गोळी बंद करतो. हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर विचारून घ्या. बरं वाटल्यावरही गोळी एकदम सोडायची नाही, चक्कर आणि घबराट होते. साठीपुढच्या माणसात या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तो अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला तर वयावर सोडू नका, रक्त तपासा. कंबर-गुडघ्यासाठी ट्रामाडॉल चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र धोक्याचं ठरू शकतं. वाईट स्वप्नांसाठी कधी प्राझोसिन देतात. त्यानं रक्तदाब उतरतो, म्हणून रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यानं रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसावं, मग उभं राहावं. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर ते स्वतःच दुखणं होऊन बसतं. आणि पहिल्याच रेफरलआधी पॉलिक्लिनिकच्या लॅबमधून थायरॉइड, बी-१२, साखर आणि यकृताच्या तपासण्या उरकून घ्या. थायरॉइड मंदावल्यानंही माणूस नैराश्यासारखाच वागतो.

दारूचा वेगळा विचार हवा. कॅन्टीन कार्डावर मिळणारी बाटली हा सन्मानाचा भाग मानला जातो, त्यामुळे व्यसन घरात उशिरा ओळखलं जातं. रोज पिणाऱ्यानं देवापुढे शपथ घेऊन एका दिवसात सोडणं धोक्याचं आहे. सहा तासांनंतर हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. पूर्वी असं झालेलं असेल तर दाखल करूनच सोडवावी. थायमिन हे जीवनसत्त्व ग्लुकोजच्या सलाईनआधी मिळालं पाहिजे, हे गावच्या डॉक्टरांना आठवणीनं विचारा. चहातून गुपचूप पाजायची "दारू सोडवण्याची पावडर" कधीही वापरू नका. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वरून प्याला तर रक्तदाब कोसळतो. १९८६ पासून काम करणारं पुण्याचं मुक्तांगण हे केंद्र मराठी घरांना परिचित आहे. फोनसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन.

मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी त्याच दिवशी हलवायच्या: कीटकनाशक आणि बंदूक. कीटकनाशकाचे डबे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, शक्यतो दुसऱ्याच्या घरी. परवान्याची बारा बोअर निवडणुकीच्या वेळी जशी ठाण्यात जमा करतात, तशीच परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करता येते. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बंदूक लागत असेल तर हे जड जातं, तरी काही महिन्यांसाठी बिनबंदुकीची पाळी मागून घ्यावी. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. रुग्णालय एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करतं, पण २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखालचा मानतं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत नाही. गाडीसाठी १०८.

ज्यांना ईसीएचएस नाही त्यांचं काय, हा प्रश्न येत्या काळात वाढणार आहे. सीआरपीएफ-बीएसएफचे निवृत्त जवान सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत येतात, आणि त्याची केंद्रं पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत. गावात राहणारे बरेच जण त्याऐवजी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेतात, ज्यात खासगी मानसोपचाराची एक बैठकही धड बसत नाही. २०२२ च्या योजनेतले अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडतील तेव्हा त्यांना ना पेन्शन ना ईसीएचएस. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस भरू लागते. वयाच्या बाविशी-पंचविशीत घरी परतणाऱ्या या मुलांसाठी १४४१६ आणि तालुक्याला येणारं सिव्हिलचं पथक एवढंच आहे. ग्रामपंचायतीनं पथकाचा वार आणि हा नंबर एसटी थांब्यावर, सोसायटीच्या आणि दूध संस्थेच्या फलकावर आत्ताच लिहून टाकावा. पत्नी सोबत येत असेल तर तिला एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत.